चंडीगडमधील एक जुना पृथ्वीगोल

जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्याने चंडीगडला जाऊ नये, असे दिल्लीच्या एका स्नेह्यांनी मला बजावले होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या या नगरीत वाडे नाहीत, बोळ नाहीत, की वेशीबाहेरचा पार नाही. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. वस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि त्यांतही मूळ आराखड्यात तेरावा क्रमांक नव्हताच. ज्या चंडीदेवीवरून शहराचे नाव पडले, तिचे देऊळसुद्धा शहराच्या हद्दीबाहेर, पंचकुलाच्या बाजूला आहे. आंब्याचे जुने वृक्ष आणि नव्या वस्त्यांच्या मध्ये अडकून राहिलेली काही खेडी सोडली, तर येथे १९५० पूर्वीचे असे फारसे काही डोळ्यांत भरत नाही.

हे साहजिकच आहे. १९४७ साली पंजाबची फाळणी झाली आणि प्रांताची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. पूर्व पंजाबचा कारभार काही काळ शिमल्याहून चालला. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांनी केला. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान-अपघातात दगावले आणि मग काम ले कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. त्यांच्याबरोबर चुलतभाऊ पिएर जानरे, आणि इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य होते. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले. १९६६ पासून ते पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आणि स्वतः केंद्रशासित प्रदेश आहे.

तथापि चंडीगडच्या नवेपणाखाली लाहोर आहेच. सेक्टर १० मधील शासकीय वस्तुसंग्रहालयात गेले की त्याची प्रचीती येते. लाहोरच्या संग्रहालयातील वस्तूंचीही फाळणी झाली होती. साठ टक्के वाटा पाकिस्तानकडे राहिला, चाळीस टक्के भारताकडे आला. मोहेंजोदडोच्या एका हाराचे मणीसुद्धा त्या काळी दोन देशांनी वाटून घेतले, एवढ्यावरून त्या वाटणीची कल्पना यावी. भारताच्या वाट्याची शिल्पे आणि चित्रे अमृतसर, शिमला, पतियाळा अशी फिरत राहिली आणि ६ मे १९६८ रोजी उघडलेल्या या इमारतीत स्थिरावली. गांधारशैलीतील बुद्धांच्या प्रसन्न मुद्रा पाहताना, या मूर्तीही निर्वासितच, हा विचार मनातून जात नाही.

संग्रहालयाबाहेर, शहरातील घराघरांतूनही लाहोरहून आलेल्या वस्तू असतात. कोठे शिवणयंत्र, कोठे हुक्का, कोठे जुन्या घराची नुसतीच किल्ली. अशाच एका घरात मी तो पृथ्वीगोल पाहिला.

घर एका निवृत्त प्राध्यापकांचे. वय पंचाऐंशीच्या आसपास. त्यांचे वडील लाहोरच्या एका शाळेत भूगोल शिकवीत. बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून दूर, चार पायांच्या लाकडी बैठकीवर तो गोल ठेवलेला होता. व्यास बारा इंच. मूळचा निळा समुद्र रोगणाच्या वयामुळे चहाच्या रंगाचा झालेला. उत्तर अटलांटिकमध्ये कागदाला भेग पडून आतला पांढरा थर दिसत होता. प्रशांत महासागरातील चौकटीत एडिंबरोच्या जॉन्स्टन कंपनीचे नाव होते, परंतु सालाची जागा नेमकी बोटे लागून पुसट झालेली.

“सन तुम्हीच काढा, बेटी,” प्रोफेसरसाहेब म्हणाले. “घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ही परीक्षा देतो.”

जुन्या पृथ्वीगोलाचे वय काढणे हा मोठा मनोरंजक खेळ आहे आणि घरी किंवा शाळेत असा गोल असल्यास वाचकांनी तो मुलांबरोबर अवश्य खेळावा. नावे आणि रंग पाहावे लागतात. रशियाच्या राजधानीचे नाव सेंट पीटर्सबर्ग असेल, तर गोल १९१४ पूर्वीचा. पेट्रोग्राड असेल तर १९१४ ते १९२४ मधला. लेनिनग्राड असेल तर त्यानंतरचा. नॉर्वेच्या राजधानीचे ख्रिस्तियानिया हे नाव १९२५ साली ऑस्लो झाले. पर्शियाचे इराण १९३५ मध्ये आणि सयामचे थायलंड १९३९ मध्ये झाले. या गोलावर सेंट पीटर्सबर्ग होते, म्हणजे १९१४ ही वरची मर्यादा मिळाली. कोरियाला जपानचा रंग होता. जपानने कोरिया खालसा केला १९१० साली. तेव्हा १९१० ते १९१४ असे उत्तर मी दिले आणि उत्तीर्ण झाले. त्या प्रीत्यर्थ माताजींनी पिन्नीचा आणखी एक लाडू बशीत घातला.

असे गोल बनत कसे, हे सांगण्यासारखे आहे. साच्यावर कागदाचे थर चिकटवून दोन पोकळ अर्धगोल तयार करीत आणि मध्ये लाकडी दांडा ठेवून ते जोडीत. त्यावर प्लास्टरचा लेप देऊन, अर्धवर्तुळाकार धातूच्या पट्टीखाली फिरवून तो अगदी वाटोळा करीत. एक बाजू जड राहिली तर गोल फिरवून सोडताच तीच बाजू खाली येई, म्हणून आतून शिशाच्या छऱ्यांची लहान पिशवी लावून तोल साधीत. मग नकाशा चिकटवायचा. पण सपाट कागद वाटोळ्या पृष्ठावर सुरकुती न पडता बसत नाही. म्हणून नकाशा संत्र्याच्या फाकींसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या बारा पट्ट्यांवर छापीत आणि एकेक पट्टी ओली करून, ताणून, शेजारच्या पट्टीला रेघ न् रेघ जुळवून बसवीत. शेवटी रोगण. जॉन्स्टनसारख्या कंपन्यांमुळे ही वस्तू दरबारांतून आणि विद्वानांच्या घरांतून शाळांच्या वर्गात आली.

हिंदुस्थानला पृथ्वी गोल असल्याचे ज्ञान अर्थातच विलायती गोलांनी दिले नाही. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे लिहिले होते. आपल्या खानदेशाच्या परिसराशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ‘गोलाध्याय’ हा स्वतंत्र भागच आहे. लाहोरात तर सोळाव्या-सतराव्या शतकांत एका घराण्याच्या चार पिढ्या पितळेचे खगोल घडवीत होत्या. आकाशातील तारे कोरलेले, आतून पोकळ आणि तरीही एकाच ओतीव तुकड्याचे, कोठेही सांधा नसलेले. पृथ्वीचा गोल समोर ठेवून जग समजावून सांगण्याची हौस मराठी माणसालाही लवकर लागली. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. १८३६ साली सिहोरच्या सुबाजी बापूंनी पुराणांतील, सिद्धांतांतील आणि कोपर्निकसच्या मतांची तुलना करणारा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीतच लिहिला. पृथ्वी सपाट की गोल, हा त्या काळी पंडितांच्या घरात भांडण लावणारा प्रश्न होता, हे आज आपण विसरतो.

प्रोफेसरसाहेबांच्या गोलाकडे परत येऊ. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ते सात वर्षांचे होते. लाहोर सोडताना घरातील पाच माणसांनी जे उचलले त्यात हा गोल होता. जुन्या पद्धतीच्या पृथ्वीगोलाभोवती एक उभे पितळी कडे असते आणि गोलाचे दोन्ही ध्रुव त्यात अडकवलेले असतात. हे कडे बैठकीच्या खाचेत नुसते बसवलेले असल्यामुळे गोल आणि कडे मिळून सहज उचलून निघतात. वडिलांनी ते उचलून चादरीत बांधले. शिसवी बैठक मागे राहिली. वाटेत एका ठिकाणी गाठोडे हलवून पाहण्यात आले, तेव्हा आतले छरे वाजले. आत दागिने लपवले आहेत, असा गलका झाला. वडिलांनी चादर सोडली, गोल वर धरला आणि लोकांना त्यावर लाहोर दाखवले. “मग?” मी विचारले. “मग काही नाही. एकाने अमृतसर कोठे आहे ते विचारले. वडिलांनी दाखवले. त्यांनी आम्हांला जाऊ दिले.” प्रोफेसरसाहेब एवढेच बोलले आणि थोडा वेळ गप्प बसले. त्या जमावात कोणत्या बाजूचे लोक होते हे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

गोलावर लाहोर छापलेले आहे, दिल्ली आहे, शिमला आहे. चंडीगड असणे शक्यच नाही. पण शिमल्याच्या खाली जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर शिसपेन्सिलीने दिलेला एक बारीक ठिपका आहे. नव्या शहरात घर मिळाले, त्या दिवशी तो वडिलांनी दिला. नवी सरहद्द मात्र त्यांनी काढली नाही. मुलाने एकदा तांबडी शाई आणून दिली, तेव्हा, “एवढ्याशा गोलावर ती रेघ नीट येणार नाही,” असे म्हणून त्यांनी ती परत केली. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२० किलोमीटर. लाहोर आणि चंडीगड यांत सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर अंतर आहे. म्हणजे गोलावर ते सहा मिलिमीटर, गव्हाच्या एका दाण्याइतके भरते. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी हिंदुस्थानात आले आणि त्यांची रेषा १७ ऑगस्टला जाहीर झाली. ती त्या दाण्यातून जाते.

सध्या त्या ठिपक्यावरून घरात मतभेद आहे. दिल्लीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने गोल पाहून, जुने रोगण काढून तो नव्यासारखा करून देतो, असे सांगितले. मुलाला ते पसंत आहे आणि त्याचे म्हणणे अगदीच वावगे नाही. भेग वाढत आहे आणि पावसाळ्यात एका पट्टीची कड उचलली जाते. पण ठिपका रोगणावर दिलेला आहे. रोगण निघाले की तोही निघणार. माताजी म्हणतात, साफ करायचा तर ठिपक्याएवढी जागा सोडून करा. व्यापारी म्हणतो, तसे डाग पडल्यासारखे दिसेल. माझे मत विचारले म्हणून मी दिले. कागदाच्या जतनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडून उचललेल्या कडा तेवढ्या चिकटवून घ्याव्यात, भेग पुढे जाणार नाही एवढे पाहावे आणि रोगणाला हात लावू नये. तोवर मऊ ब्रशने धूळ झाडावी, ओले फडके मुळीच लावू नये आणि गोल फिरवायचा तो बोट नकाशावर न टेकवता पितळी कड्याजवळून. ज्या शहरात सरकारी कचेऱ्यांतील जानरे यांच्या काळच्या सागवानी खुर्च्या एके काळी भंगार म्हणून लिलावात निघाल्या, परदेशी जाऊन लाखांना विकल्या गेल्या आणि २०११ साली केंद्र सरकारला त्यांची विक्री थांबवण्यासाठी आदेश काढावा लागला, त्या शहराने तरी नव्यासारखे करण्याची घाई करू नये.

बैठकीची हकीकत अजून राहिली. गोल कित्येक वर्षे पितळी पातेल्याच्या तोंडावर बसलेला होता. पुढे चंडीगडला एका सुताराने शिसमाच्या लाकडाची बैठक करून दिली. पृथ्वीगोलाची बैठक म्हणजे पाण्याच्या घागरीची घडवंची, असाच आपला समज असतो. दुकानांत आज मिळणाऱ्या गोलांना एक तिरका दांडा असतो आणि तो साडेतेवीस अंशांवर कायमचा खिळलेला असतो. त्यामुळे तो समज दृढ झाला आहे. वस्तुतः जुन्या गोलाची बैठक हा त्या यंत्राचा अर्धा भाग होय. वरच्या बाजूचे आडवे रुंद लाकडी वलय म्हणजे क्षितिज. त्यावर दिशा, महिने आणि राशी लिहिलेल्या असतात. पितळी कडे खाचेत वरखाली सरकवून उत्तर ध्रुव आपल्या गावाच्या अक्षांशाइतका क्षितिजावर उचलायचा. मग गोलावर छापलेल्या सूर्यमार्गाच्या तिरक्या रेघेवर त्या दिवसाचा बिंदू शोधायचा आणि तो पूर्वेकडील वलयाशी आणायचा. सूर्य नेमका कोठे उगवेल, दिवस किती तासांचा होईल, सारे त्यावरून वाचता येते.

सुताराने वलय केले ते कोरे. वडिलांनी महिने, राशी आणि अंश कागदाच्या पट्टीवर उर्दूत लिहून ती त्यावर चिकटवली. प्रोफेसरसाहेबांनी मला प्रयोग करून दाखवला. २१ जूनला चंडीगडचा सूर्य पूर्वेच्या उत्तरेस सुमारे साडेसत्तावीस अंशांवर उगवतो आणि दिवस चौदा तासांचा असतो. मग त्यांनी माझ्यासाठी ध्रुव खाली आणून पुणे लावले. दिवस सव्वातेरा तासांवर आला. पुण्याला मे महिन्यात एक दिवस मध्यान्ही सावली नाहीशी होते हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. चंडीगड कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे येथे सावली कधीच पायाखाली येत नाही. भर उन्हाळ्यातही सूर्य माथ्यापासून सात अंश दक्षिणेलाच राहतो.

“आणि लाहोर?” मी विचारले. त्यांनी ध्रुव किंचित वर केला. लाहोरचे अक्षांश साडेएकतीस, चंडीगडचे पावणेएकतीस. फरक जेमतेम पाऊण अंशाचा. “वडील म्हणत, सगळे बदलले, पण याला मला फक्त एवढेच हलवावे लागले.”

हे पाहून झाल्यावर मी कॅपिटॉल संकुलात गेले. तेथील सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांचा २०१६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. या तीन इमारतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालीत नाही. सूर्याचा विचार या शहराच्या रचनेत किती खोल गेला आहे, ते मात्र गोल पाहून आलेल्या माणसाला अधिक कळते. विधानसभेचे भव्य दार फ्रान्सची भेट आहे. त्यावरील मीनाकारीची चित्रे ले कॉर्ब्युझिए यांची आहेत. वरच्या अर्ध्या भागात अयनांचे आणि विषुवदिनांचे सूर्यमार्ग रेखाटलेले आहेत, खाली धरित्री, झाडे, प्राणी. लाकडी वलयावर जे अंकांनी लिहिलेले होते, तेच येथे निळ्या-पिवळ्या रंगांनी सांगितले आहे.

समोरच्या विस्तीर्ण, उजाड फरशीवर छायामनोरा उभा आहे. चारी बाजूंनी उघडे असे हे काँक्रीटचे बांधकाम संकुलातील इतर इमारतींच्या रेषेत नाही. ते नेमके उत्तर-दक्षिण बसवले आहे. काँक्रीटच्या उभ्या-आडव्या पडद्यांनी ऊन कसे अडवता येते हे दाखवण्यासाठी ते उभारले. आमच्या मार्गदर्शक तरुणाने सर्वांना आत नेले आणि उत्तरेची बाजू पडद्यांविना मोकळी का ठेवली ते सांगितले: त्या दिशेकडून सूर्य कधी येतच नाही.

डिसेंबरात आणि मार्चमध्ये हे खरे आहे. पण जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेस उगवतो, हे मी सकाळीच वलयावर पाहिले होते. तो पूर्व-पश्चिम रेषा ओलांडून दक्षिणेकडे येईपर्यंत घड्याळात साधारण साडेनऊ वाजतात. तोपर्यंत उत्तरेकडे तोंड केलेल्या कोणत्याही भिंतीवर तिरपे ऊन असते. संध्याकाळी मावळताना पुन्हा तसेच. मी हे त्या तरुणाला सांगितले. त्याने ते हसून न उडवता वहीत टिपून घेतले आणि जूनमध्ये लवकर येऊन पाहीन म्हणाला. पाहुण्यांच्या फेऱ्या कचेरीच्या वेळेत निघतात. त्यामुळे ते ऊन तेथे पडते किंवा नाही, हे त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाला सहजासहजी पाहता यायचे नाही.